ओळखीचा शब्दच फसवतो : यॉर्कशायरच्या वॉर्डातलं इंग्रजी

प्रश्न आहे साताऱ्याहून इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या बार्न्सलीला आलेल्या एका नर्सचा. ती लिहिते : रुजू होऊन तीन आठवडे झाले. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसात बँड मिळवलेत, मुलाखत इंग्रजीतच झाली, तेव्हा कुठं अडलं नाही. पण वॉर्डातले आजी-आजोबा बोलायला लागले की दहातले चार शब्द कळतात. बाकीच्या हसल्या की मीही हसते. इथल्या गावठी शब्दांची यादी कुठं मिळेल का? आणि खिडकीजवळच्या बेडवरचे आजोबा रोज माझी ड्यूटी संपताना 'सिदी' असं काहीतरी म्हणतात. ते हिंदीतलं 'सीधी' तर नव्हे?

तुला एकेरीच म्हणते, वयानं बरीच मोठी आहे. मी मिरजेत नर्सिंग केलं, २००३ साली साऊथ यॉर्कशायरमध्ये आले. आधी वॉर्डात, मग डिस्ट्रिक्ट नर्स म्हणून घरोघरी, आणि आता परदेशातून नव्यानं आलेल्या नर्सेसना पहिले काही महिने हाताशी धरायचं काम माझ्याकडं आहे. बहुतेकींच्या वहीत पहिल्याच आठवड्यात एक यादी असते. 'ओउट' म्हणजे काही, 'नोउट' म्हणजे काही नाही, 'सुमट' म्हणजे काहीतरी, 'लग' म्हणजे कान, 'बेर्न' म्हणजे पोर. त्या यादीला माझी हरकत नाही, पाठ कर. पण वीस वर्षांत मी केलेल्या आणि पाहिलेल्या ज्या चुका खरोखर महागात पडण्यासारख्या होत्या, त्यातली एकही त्या यादीतल्या शब्दानं झाली नाही.

अनोळखी शब्द कानावर आला की आपण थांबतो, 'सॉरी?' म्हणतो, समोरचा पुन्हा सांगतो. शब्द ओळखीचा असला की आपण थांबतच नाही. मिरजेच्या हॉस्टेलवर माझी पार्टनर नागपूरची होती. पहिल्या रविवारी म्हणाली, "आज मी पोळ्या करते." मी गूळ, वेलदोडे आणून ठेवले. आमच्याकडं पोळी म्हणजे पुरणाची, रोजची ती चपाती. तिनं साध्या पोळ्या वाढल्या आणि मी पुरण शोधत बसले. तिनं 'पोट्टे', 'कावून' असलं काही म्हटलं असतं तर मी विचारलं असतं. 'पोळी' कोण विचारणार?

आता इथली गोष्ट. माझा तिसरा की चौथा महिना. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा दाखल झाले, धाप लागलेली, ओठ निळसर. फॉर्म भरताना मी विचारलं, छातीचा आधी काही त्रास होता का? ते म्हणाले, "आयव्ह गॉट डस्ट, लुव. थर्टी पर्सेंट." मी शांतपणे अॅलर्जीच्या रकान्यात 'डस्ट' लिहिलं. थर्टी पर्सेंट म्हणजे अॅलर्जी थोडी असणार, असा स्वतःच अर्थ लावला. वर घरात कार्पेट आहेत का, उशा किती दिवसांनी बदलता, हेही विचारलं. अॅलर्जी असलेल्या पेशंटला इथं लाल पट्टी बांधतात, तीही मनगटाला बांधली. आजोबा पट्टीकडं बघत राहिले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरला मी 'डस्ट अॅलर्जी' वाचलं आणि सिस्टर, म्हणजे इथली वॉर्डप्रमुख, पेन खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागली. तिचा बाप खाणीत होता. ती मला बाजूला घेऊन गेली आणि म्हणाली, इथं कुणी 'डस्ट' म्हटलं की ती घरातली धूळ नसते.

ती कोळशाची असते. फुप्फुसात साठून बसलेली, न काढता येणारी. वैद्यकात न्यूमोकोनिओसिस म्हणतात, खाणीवाल्यांच्या घरात नुसतं 'डस्ट'. 'मी डॅड डाइड ऑव्ह डस्ट', माझे वडील डस्टनं गेले, असं इथं लोक सहज सांगतात. आणि टक्के म्हणजे नुकसानभरपाईसाठी वैद्यकीय मंडळानं ठरवलेलं अपंगत्व. आपल्याकडं सातबाऱ्यावरची गुंठेवारी पाठ असते तसे त्या पिढीला आपापले टक्के पाठ असतात. तू ज्या गावात आहेस त्याच्या आसपासच्या खाणी १९८४-८५ च्या मोठ्या संपानंतर एकेक करत बंद पडल्या. ग्राइमथॉर्पची १९९३ साली गेली. खाणी गेल्या तरी शब्द त्या माणसांच्या छातीत आहेत, शब्दशः. अजूनही अधूनमधून असा पेशंट येतो. 'डस्ट' ऐकलंस तर पुढचा प्रश्न एकच : कुठल्या पिटमध्ये होता? त्या प्रश्नानं अर्धा इतिहास आपोआप बाहेर पडतो, वैद्यकीय आणि दुसराही. तेच आजोबा दुपारच्या डब्याला 'स्नॅप' म्हणायचे. खाणीत न्यायचा तो पत्र्याचा डबा, उंदरांपासून वाचवायला. वॉर्डात सँडविचची ट्रॉली आली की ते विचारायचे, "इज इट स्नॅप?"

दुसरा शब्द याहून साधा, म्हणून याहून वाईट : 'व्हाइल'. शाळेत आपण शिकलो, व्हाइल म्हणजे 'असताना'. यॉर्कशायरमध्ये त्याचा अर्थ 'पर्यंत' असाही होतो. ड्यूटी 'नाइन व्हाइल फाइव्ह' असते, म्हणजे नऊ ते पाच. हे ऐकायला सोपं वाटतं. आता बघ काय होतं. डिस्ट्रिक्टवर असताना एका आजींच्या घरी मी जायचे. हाडं ठिसूळ झालेली, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू. ही गोळी सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास ताठ बसायचं, काही खायचं नाही. पोटात अन्न असलं तर गोळी जवळपास वायाच. मी विचारलं, गोळी कशी घेता? आजी म्हणाल्या, "आय डोन्ट टेक इट व्हाइल आयव्ह हॅड मी ब्रेकफस्ट." मला ऐकू आलं : नाश्ता करताना घेत नाही. शाब्बास म्हटलं आणि वहीत खूण केली. त्या सांगत होत्या : नाश्ता होईपर्यंत घेत नाही. म्हणजे दर वेळी पोटभर टोस्ट खाऊन मग. नेमकं उलटं, आणि मी त्यावर शाब्बास म्हणून आले. हे दोन महिन्यांनी कळलं, तेही त्यांची सून घरी होती म्हणून.

एक खूण मात्र त्या वाक्यातच होती, आणि ती मी तुला देऊन ठेवते. 'असताना' म्हणायचं असतं तर त्या 'व्हाइल आयम हॅविंग' म्हणाल्या असत्या. 'आयव्ह हॅड', म्हणजे झालेली क्रिया, व्हाइलला लागून आली की तो 'पर्यंत'वाला व्हाइल समज. तरीही अंदाजावर सोडू नकोस, घड्याळ विचार. "गोळी किती वाजता? चहा किती वाजता?" घड्याळाला बोलीभाषा नसते.

तेच जेवणाचं. इथं 'डिनर' दुपारी असतं आणि 'टी' संध्याकाळी पाच-सहाला. टी म्हणजे चहाबिस्किट नव्हे, रात्रीचं जेवण, 'पाय' (सारण भरून भाजलेली पेस्ट्री), बटाटे, मटार सगळं ताटात. शेजारीण "कम फॉर यूअर टी" म्हणाली तर घरी भात टाकून जाऊ नकोस, मी एकदा टाकला होता. हसण्यावारी न्यायचा भाग एवढाच. 'वन विथ डिनर' असं सांगून घरी पाठवलेला पेशंट रात्रीची गोळी दुपारी बाराला घेतो, आणि चूक त्याची नसते. माझ्या शिकाऊ मुलींना मी डिस्चार्जच्या वेळी 'डिनर' हा शब्दच उच्चारू देत नाही.

साखरेच्या पेशंटबाबत 'स्पाइस' लक्षात ठेव. बार्न्सली, शेफील्ड या बाजूला जुनी माणसं गोळ्या-चॉकलेटांना स्पाइस म्हणतात. एका आजींची शुगर सकाळी बावीस आली. बावीस हे इथल्या मापात, आपल्याकडच्या चारशेच्या घरात. काय खाल्लं? "नोबट अ बिट ओ' स्पाइस." नोबट म्हणजे फक्त. मला वाटलं मसालेदार काहीतरी. मसाल्यानं शुगर कशी चढेल म्हणून मी मशीनच बदलून आणलं. माझ्याबरोबरची तरुण इंग्रज मुलगी लंडनच्या बाजूची, तिच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला, कारण रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या एका नशेच्या पदार्थालाही स्पाइस म्हणतात. ती पंच्याऐंशी वर्षांच्या बाईकडं घाबरून बघायला लागली. शेवटी सफाईवाल्या मावशींनी उशीखालून लिमलेटच्या गोळ्यांची पिशवी काढून दाखवली. मसाला, नशा आणि लिमलेट : एका बेडभोवती तिघी उभ्या होतो आणि तिघींचं इंग्रजी उत्तम होतं.

'आयम स्टार्व्ड' म्हणणाऱ्याला सँडविच नेऊन देण्याआधी त्याचे हात बघ. थंड असतील तर पांघरूण ने. इथल्या जुन्या बोलीत स्टार्व्ड म्हणजे थंडीनं काकडलेला. हा शब्द मला फार आवडतो. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ होता मरणं, जर्मनमध्ये अजूनही 'श्टेर्बन' म्हणजे मरणं. पुढं प्रमाण इंग्रजीनं त्यातलं भुकेनं मरणं तेवढं ठेवलं आणि उत्तरेनं थंडीनं मरणंही ठेवलं. आपण नाही का, "भुकेनं मेले गं" म्हणतो आणि डिसेंबरात "थंडीनं मेले गं" म्हणतो? आपल्याला तो अर्थ इंग्रजांच्या आधी कळायला हवा. 'निदर्ड' आणि 'नेश' हेही थंडीचेच. निदर्ड म्हणजे कुडकुडलेला. नेश म्हणजे ज्याला जरा वारा लागला की थंडी वाजते असा, आणि म्हणण्यात थोडी टिंगल असते. तुला कुणीतरी नेश म्हणणारच आहे, नोव्हेंबर येऊ दे.

आता आजारपणाचे शब्द, हे तुझ्या कामाचे म्हणून जरा सावकाश सांगते. इथं कुणी 'आय कान्ट ग्रम्बल' म्हणालं तर तो बरा आहे. 'फेअर टु मिडलिंग' म्हणालं तर ठीक. पण 'नोबट मिडलिंग' म्हणालं तर खुर्ची ओढून बस, कारण या माणसांची तक्रार करायची पद्धतच अशी की आवाज चढत नाही, शब्द खाली येतात. 'आयव्ह बीन बॅडली ऑल वीक' म्हणजे आठवडाभर आजारी आहे. बॅडलीपुढं क्रियापद कुठं गेलं म्हणून शोधू नकोस. आणि 'आयम नॉट सो क्लेव्हर टुडे' असं एका आजोबांनी मला सांगितलं, तेव्हा मी त्यांचा हात थोपटून म्हणाले, नाही हो, तुम्ही फार हुशार आहात. त्यांना बरं वाटत नव्हतं एवढंच ते सांगत होते. तासाभरात त्यांचं रक्तदाब घसरलं. सुदैवानं पलीकडच्या बेडवरच्या गृहस्थानं घंटी वाजवली.

'पूअर्ली' मात्र नुसत्या यॉर्कशायरचा नाही, सगळ्या इंग्लंडचा. पण आपल्या मुलींचा घोळ तिथंच सगळ्यात जास्त होतो. लहान मुलाला सर्दी झाली तरी पूअर्ली. आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना हळू आवाजात 'ही इज व्हेरी पूअर्ली' म्हणाले तर त्याचा अर्थ असा की माणूस हाताला लागेलच असं नाही, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. आपल्या कानाला तो शब्द इतका मऊ लागतो की नवी नर्स मुलाला फोनवर सांगते, पूअर्ली आहेत, उद्या सावकाश या. असा फोन मी ऐकला आहे. मी तो तिच्या हातातून घेतला.

उच्चारांचं थोडक्यात. 'लव' इथं 'लुव' होतो, 'कप' 'कुप', 'बस' 'बुस'. ही गंमत देवनागरी येणाऱ्याला पटकन जमते, अकाराच्या जागी उकार लावून ऐक. 'द' हा शब्द जवळपास नाहीसा होतो, त्याच्या जागी घशात एक अडखळ राहते. 'मी' म्हणजे माझं, 'अस' म्हणजे मला. "गिव अस मी ग्लासेस" हे वाक्य एकटा माणूस स्वतःच्या चष्म्यासाठी बोलतो. आपल्याकडं कोल्हापुरात एकटाच माणूस "आम्हाला चहा सांगा" म्हणतोच की. 'होल'चा 'ऑइल' होतो, 'कोल'चा 'कॉइल'. म्हणून दारातून वारा येत असताना कुणी "पुट वुड इन टॉइल" ओरडलं तर लाकूड आणि तेल शोधत फिरू नकोस. भोकात लाकूड घाल, म्हणजे दार लाव.

हे सगळं अशुद्ध इंग्रजी आहे असं तुला कुणीतरी सांगेल, बहुधा दक्षिणेतून आलेला. ऐकून घे आणि सोडून दे. डेन लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, इ.स. ८६६ मध्ये यॉर्क घेतलं आणि पुढं पिढ्यान्‌पिढ्या या भागात त्यांची वस्ती राहिली. त्यांची भाषा अजून इथल्या तोंडात आहे. ओढ्याला 'बेक' म्हणतात तो त्यांचाच शब्द. यॉर्कला फिरायला जाशील तेव्हा बघ, 'स्टोनगेट', 'मिकलगेट' या गल्ल्या आहेत. गेट म्हणजे त्यांच्या भाषेत रस्ता. वेशीच्या दरवाज्याला तिथं 'बार' म्हणतात, आणि दारूच्या गुत्त्याला पब. खेळण्याला 'लेक' म्हणतात, तोही त्यांचाच. यावरून आठवलं, एखादी हेल्थकेअर असिस्टंट तुला विचारेल, "आर यू लेकिन टुमॉरो?" तू 'लेकिन काय?' म्हणून पुढच्या वाक्याची वाट बघत बसशील. उद्या सुट्टी का, एवढंच ती विचारते. काम नसणं म्हणजेही लेकिन.

आणि या बोलींचा अभ्यास साध्यासुध्या माणसांनी केलेला नाही. जोसेफ राइट नावाचा माणूस इथलाच, ब्रॅडफर्डजवळचा. लहानपणी गिरणीत कामाला, पंधराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. तो पुढं ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि त्यानं इंग्रजी बोलींचा कोश सहा खंडांत काढला, १८९८ ते १९०५. नंतर लीड्स विद्यापीठानं १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी माणसं पाठवून म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तेराशेहून अधिक प्रश्न विचारले : गाईच्या आचळाला काय म्हणता, गल्लीला काय म्हणता. त्यात गावोगाव हिंडलेले स्टॅनले एलिस पुढं पोलिसांच्या कामी आले. १९७९ साली यॉर्कशायरमधल्या खुनांच्या तपासात पोलिसांना एक टेप आली, मीच खुनी म्हणणारी. एलिस यांनी आवाज ऐकून सांगितलं, हा संडरलंडच्या कासलटाउन भागातला. टेप खोटी होती, खुनी भलताच निघाला. पण टेप पाठवणारा २००५ साली सापडला तेव्हा तो त्याच परिसरातला होता. बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो. एलिस यांच्या कानाला एक कोसही पुरला.

तुझ्या रोजच्या अनुभवात हे पावानं येईल. गोव्यात पोदेराकडं उंडा वेगळा आणि पोय वेगळी, वस्तू वेगळी म्हणून नाव वेगळं. इथं तोच साधा गोल पाव. शेफील्डला ब्रेडकेक, ब्रॅडफर्डकडं टीकेक, मँचेस्टरला बार्म, नॉटिंगहॅमला कॉब, कॉव्हेंट्रीला बॅच. टीकेकमध्ये ना टी, ना केक. पेशंटनं बेकनचा टीकेक मागितला तर त्याला भ्रम झालाय असं लिहू नकोस. घरभेटी करायला लागलीस तर दोन घरांमधल्या बोळाचे शब्द लागतील, इथं 'गिनल' किंवा 'स्निकट'. जीपीएसला गिनल कळत नाही, पोस्टमनला कळतं.

बार्न्सलीचे पुरुष तुला 'लुव' म्हणतील. डॉक्टरला, बसवाल्याला, एकमेकांनाही म्हणतात. त्यात काही नाही, आपल्या 'बाई', 'दादा'सारखं ते वाक्याच्या शेवटी येतं. चेस्टरफील्डला गेलीस की तेच 'डक' होतं. पण 'दी' आणि 'दा' जरा जपून ऐक. ते जुनं 'दाउ', आपलं तू. इंग्रजीत तू-तुम्ही हा भेद उरला नाही असं आपल्याला शाळेत शिकवलं, पण इथल्या जुन्या माणसांत तो टिकून आहे, आणि त्याचे नियम तुला न शिकवता येतात. बाप मुलाला तू म्हणतो, मित्र मित्राला म्हणतो, मुलगा बापाला म्हणत नाही. अरेतुरे करणाऱ्याला सुनावायची इथली एक म्हणही आहे, तिचा अर्थ असा : मला अरेतुरे करतोस? आधी स्वतःला करून बघ कसं वाटतं. शेफील्डवाले हे दी-दा जरा जास्तच ठसक्यात करतात, म्हणून बार्न्सलीचे लोक त्यांना 'डी-डाज' म्हणून चिडवतात. एखाद्या आजोबांनी तुला 'दा' म्हटलं तर ते माया करतायत. तू उलट म्हणायचं नाहीस, माहेरच्या आजोबांना म्हणाली नसतीस तसंच.

यावरूनच दुसरं : आपणही तसं बोलावं का? माझं मत, नको. समज सगळं, बोल आपलं साधं, सावकाश इंग्रजी. साताऱ्याच्या माणसासमोर एखाद्या परदेशी बाईनं मुद्दाम 'लई भारी' म्हटलं तर एकदा कौतुक होईल, रोज म्हटलं तर आपण नक्कल करतेय म्हणू. नोंदी मात्र अशा लिही : पेशंटचा शब्द जसाच्या तसा अवतरणात, पुढं तू लावलेला अर्थ. माझ्या त्या लाल पट्टीच्या दिवशी मी 'आयव्ह गॉट डस्ट' एवढं जरी अवतरणात लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. आणि कळलं नसताना हसू नकोस. हसणं म्हणजे हो म्हणणं, असंच पेशंट धरतो.

आता तुझी स्वतःची बोली. रागावू नकोस, तुझ्याकडंही एक आहे, आणि ती इथल्यांना तशीच फसवते. मुलाखतीत मी सांगितलं होतं, "आय पास्ड आउट फ्रॉम मिरज इन १९९९." समोरच्या बाईंनी काळजीनं विचारलं, पडलात की काय? इथं पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणं. 'लूज मोशन्स' कुणाला कळत नाही, डायरिया म्हण, आजींशी बोलताना 'द रन्स'. 'गिडीनेस' म्हणू नकोस, 'डिझी' म्हण. 'अॅसिडिटी' म्हणजे त्यांना रसायनशास्त्र वाटतं, 'हार्टबर्न' म्हण. आणि 'एक्स्पायर्ड' हा शब्द आजपासून विसर. आपल्याकडं तो सभ्य शब्द आहे, आपण डॉक्टरांकडून तोच ऐकत आलो. मी पहिल्या हिवाळ्यात एका मुलीला फोनवर म्हणाले, तुमची आई एक्स्पायर झाली. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग ती हळूच म्हणाली, "शी इजन्ट मिल्क." इथं दूध एक्स्पायर होतं, पार्किंगचं तिकीट एक्स्पायर होतं. माणूस 'डाइड' किंवा 'पास्ड अवे'. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

एक शब्द मात्र तुझ्या हक्काचा आहे. एखादी आजी बहिणीबद्दल सांगेल, "शीज गॉन डूलॅली", म्हणजे डोकं फिरलंय. तो शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. ब्रिटिश फौजेची तिथं छावणी होती. नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत तिथं महिनोन्‌महिने पडून असायचे आणि ऊन, रिकामपण, दारू यानं भ्रमिष्टासारखे वागायचे. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप बार्न्सलीपर्यंत आला, मागचा अर्धा भाग वाटेत गळाला. हे मी पेशंटना सांगते, आणि मी त्या बाजूची आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. ज्या आजी चार दिवस बोलत नव्हत्या त्यांनी एकदा यावरून अख्खी दुपार नवऱ्याच्या फौजेतल्या गोष्टी सांगितल्या.

राहिलं तुझं 'सिदी'. सीधी नव्हे. 'सी दी', भेटू गं तुला. यातला 'दी' म्हणजे तोच तू. ते गुडनाइट म्हणत नाहीत कारण ते सगळ्या स्टाफला म्हणायचं, आणि बाय म्हणत नाहीत कारण... आपणही निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, तसंच काहीसं. तीन आठवड्यांत तू त्यांच्या 'तू'मध्ये आलीस. उद्या रात्री 'नाइट, लुव' म्हण, उकार लावून. तेवढी एक नक्कल चालेल.